संत्र्याच्या वासाचा झेंडू

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

हा झेंडू नाही.

वरद म्हणतो झेंडू. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले तर वॉशिंग मशीनच्या मागे, रंगाच्या रिकाम्या डब्यात, एक रोप. गुडघ्याला लागेल एवढं. पान लांबून झेंडूचंच वाटतं — पसरलेली बोटं, काठाला करवत. पण झेंडूच्या पानाला हात लावला की हाताला उग्र, औषधी वास राहतो. याच्या खोडाला बोट लागलं आणि शेजारी कोणीतरी संत्रं सोललं असं झालं. मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

वरद माझा नातू, सत्तावीस वर्षांचा. सरबताच्या कंपनीत केमिस्ट. संत्र्याशिवाय संत्र्याचा वास बनवतो आणि लोक तो पितात. म्हटलं, "काय रे, कंपनी घरी आणलीस?"

"हायब्रिड झेंडू आहे, आजी."

तीस वर्षं लालबागला मसाल्याच्या दुकानात काढली. आधी मिरच्यांचे देठ खुडायला होते. मग शेठच्या लक्षात आलं की बाईला नाक आहे, तेव्हा कढईपाशी उभी केली — धणे कधी उतरवायचे ते सांगायला. त्या नाकाला हा हायब्रिड सांगतोय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

परत हुंगलं. आज संत्र्याच्या मागून मिरी आली. झेंडूला मिरी?

१३ ऑगस्ट, बुधवार

मला आकडे येतात, घड्याळ येतं, बसचा नंबर येतो, समोरचं माणूस वाचता येतं. अक्षर तेवढं राहिलं.

वरदने मोबाईलमध्ये दोन पानं करून दिलीत. एकावर लिंबाचं चित्र, एकावर पोपटाचं. बटण दाबून बोलायचं, मोबाईल लिहितो. तारीखसुद्धा स्वतःच घालतो. लिंबाच्या पानावर वास सांगायचे. वरद कंपनीतून बारक्या बाटल्या आणतो, मी हुंगते आणि सांगते. हा शिळ्या पेजेसारखा. हा नव्या चपलेच्या खोक्यासारखा. हा दाढी करून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसासारखा. तो माझे शब्द कंपनीत बोलतो आणि तिथे त्याला हुशार समजतात.

पोपटाचं पान माझं. "ते मी कधी उघडणार नाही, आजी, शप्पथ," म्हणाला. उघडत असेल तर उघडो. त्याच्याबद्दलच आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी, म्हणून घरात सापडला. सून सुचित्रा खाली झेंडावंदनाला गेलेली. मुलगा रघु गावी घराचं छप्पर बदलतोय, दसऱ्याशिवाय येत नाही. आम्ही दोघंच. सरळ विचारलं, "गांजा आहे का रे?"

चहाचा कप तोंडापर्यंत आला होता, तिथेच थांबला.

"तुला कसं कळलं?"

"पानाची बोटं मोजली. सात. गावी शंकराच्या देवळामागे एक गोसावी राहायचा, त्याच्या परसात हेच होतं. त्याला जळक्या गवताचा वास यायचा. तुझं आंघोळ करून आलंय."

मग तो बोलायला लागला. हा विषय निघाला की त्याला थांबवता येत नाही. म्हणे यात दोन घराणी आहेत. एक उष्ण मुलखातलं — उंच, काटकुळं, बारीक पानांचं, ओढणाऱ्याला बडबड्या करणारं. दुसरं डोंगरातलं — ठेंगणं, रुंद पानांचं, झोपवणारं. दोघांचं लग्न लावून हे काढलं, म्हणून हायब्रिड. त्यातही ज्या पोरांना संत्र्याचा वास येईल तेवढीच निवडून पुढे वाढवली. असं कित्येक पिढ्या.

"म्हणजे उंची बापाची, झोप आईची."

"आधी असंच म्हणायचे. आता म्हणतात पानाच्या रुंदीवरून काही कळत नाही. वासावरून थोडंफार कळतं."

"एवढं कळायला पिढ्या लागल्या त्यांना?"

ओढतोस का, विचारलं. "नाही. म्हणजे एकदा," म्हणाला. पुरुषांचं एकदा म्हणजे किती ते मला माहीत आहे. माझं लग्न झालेलं आहे.

मग खरं काय ते सांगितलं. टोरोंटोच्या कंपनीने त्याला जूनमध्ये घेतलं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. वासांचीच कंपनी. तिकडे हे झाड दुकानात मिळतं, याच्या वासाचे साबण निघतात, सरबतं निघतात. वरदला त्याच खात्यात काम. नोव्हेंबरला हजर व्हायचं. त्याच्या आत हा वास नाकाने पाठ करायचाय म्हणे. बी एका मित्राने दिलं.

आणि इकडे जुना पासपोर्ट संपलाय. नव्यासाठी अर्ज केलाय. त्यासाठी पोलीस घरी येऊन बघून जाणार. आणि आपल्याकडे हे एक रोप लावलं तरी गुन्हा.

"तिकडे जाऊन हुंग की," म्हटलं.

"तिकडचे सगळे हे आधीपासून ओळखतात, आजी. मी तिथे पहिल्याच दिवशी ढ ठरेन."

म्हणजे नापास होऊ नये म्हणून तुरुंगाची तयारी. आमच्या घरात हुशारी अशीच येते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शेजारची गंगुबाई तिच्या गॅलरीतून वाकून बघते. दोन गॅलऱ्यांमध्ये हातभर अंतर. चाळ पाडून टॉवर बांधला, बाथरूम घरात आलं, पण गंगुबाई तेवढीच जवळ राहिली.

"काय गो ता? झेंडू?"

"झेंडू."

"मगे गणपतीक फुलां दी."

"हायब्रिड आहे. दसऱ्याला देईल."

खोटं बोलायला वेळ लागला नाही. वरदकडून शब्द उसना घेतला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सुचित्राला काही कळणार नाही. तिला बारा महिने सर्दी. मी केलेलं सांबारं आणि बाहेरून आणलेलं सांबारं यातला फरक तिला ताटाच्या रंगावरून कळतो.

२४ ऑगस्ट, रविवार

वरद सकाळपासून भिंग घेऊन डब्यासमोर उकिडवा बसलेला. मुलगा की मुलगी ते बघतोय म्हणे.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. फांदीच्या बेचक्यात बारकी गोळी दिसली तर नर. दोन पांढरे केस दिसले तर मादी. नर निघाला तर उपटून टाकायचा. वास, चीक, जे काय ते सगळं मादीच्या फुलात. तेही नराचा वारा लागला नाही तरच, नाहीतर ती बी धरते आणि वासाकडे लक्ष देत नाही.

"तिला संसार लागला की वास जातो," म्हटलं.

"आजी, हे लिंबाच्या पानावर नको बोलूस."

दुपारी दोन पांढरे केस दिसले. मादी. पेढे आणायला निघाला होता, मी अडवलं. आईला काय सांगणार, कशाचे पेढे? पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मुलगी झाली म्हणून पेढे आणायला पळणारा आमच्या घराण्यातला हा पहिला पुरुष. मला रघु झाला तेव्हा आणले होते. त्याच्या आधी दोन मुली झाल्या तेव्हा कोणालाच दुकान सापडलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. गंगुबाईने झेंडू बाजारातून आणला आणि मला दाखवून आणला.

३ सप्टेंबर, बुधवार

पान खाल्लं.

वरद कामाला, सुचित्रा शाळेच्या ऑफिसात. म्हटलं ज्याच्यासाठी जग एवढं वेडं होतं ते बघावं. एक कोवळं पान तोडून चावलं. कडू. मेथीपेक्षा कडू, कारल्यापेक्षा कमी. संत्रं तोंडात आलंच नाही, ते नाकातच राहिलं. सोफ्यावर बसून वाट बघितली. एक तास. दोन तास. मालिका बघितली, तीसुद्धा रोजच्याइतकीच वाईट वाटली.

संध्याकाळी वरदला सांगितलं. आधी घाबरला, मग हसायला लागला. "कच्चं पान चढत नाही, आजी. तापवावं लागतं."

"माणसासारखंच आहे."

त्याने विचारलं कसं होतं. लिंबाच्या पानावर सांगितलं: खोटं बोलणाऱ्या माणसासारखं. येताना गोड, आत गेल्यावर कडू.

१० सप्टेंबर, बुधवार

आता खरी वयात आली. शेंड्याला तुरे धरलेत. पांढऱ्या केसांची टोकं तांबूस व्हायला लागलीत. आणि तुऱ्यावर, आजूबाजूच्या बारक्या पानांवर, मीठ भुरभुरल्यासारखं काहीतरी. वरदने भिंगातून दाखवलं. मीठ नाही. काचेच्या टाचण्या. प्रत्येक टाचणीच्या डोक्यावर एक थेंब. त्या थेंबात सगळं — वास, नशा, चिकटपणा.

बोट लावलं तर बोट सुटेना. फणसाचा चीक परवडला. तेल लावून हात धुतला तरी रात्रीच्या भातापर्यंत संत्रं होतंच.

वास बदललाय. आधी नुसती साल होती. आता ताजी साल वाकवून पिचकारी उडवल्यावर येतो तसा, डोळ्यांत जाईल असा. त्याच्या मागे मिरी. मिरीच्या मागे ओलं गोणपाट. आणि सगळ्यात शेवटी, अगदी लांब, स्टोव्ह विझवल्यावर येतो तो वास.

वरद म्हणाला, मिरीत जो घटक आहे तोच यात खरोखरच आहे. संत्र्याच्या सालीतला तोही. "तू वास मोजायच्या यंत्राच्या आधी सांगितलंस, आजी. ऑगस्टमध्ये सांगितलंस." असं म्हणताना तो माझ्याकडे असा बघत होता की मला पदर नीट करावासा वाटला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पासपोर्ट ऑफिसचं काम झालं. फोटो काढला, बोटं घेतली. आता आठ-दहा दिवसांत पोलीस घरी येईल, कागद बघेल, शेजाऱ्यांना विचारेल मुलगा कसा आहे.

म्हटलं, "आता काप."

"आठ दिवस, आजी. वास आत्ता कुठे पूर्ण होतोय."

"त्याच आठ दिवसांत तो येतोय."

"फोन करून येतात."

भांडलो. हळू आवाजात, कारण सुचित्रा आत कांदा चिरत होती. लपवायला जागा नाही. लिफ्टमध्ये कॅमेरा, खाली वॉचमन, गच्चीला कुलूप. अकराव्या मजल्यावरून खाली फेकलं तर सेक्रेटरीच्या गाडीवर. तो म्हणाला, फोन आला की त्याच दिवशी कापतो.

मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांनी दारू सोडतानासुद्धा असंच सांगितलं होतं. सोडली त्यांनी, नाही असं नाही. गेल्यावर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हे फक्त इथे सांगते.

आज दोघं गेल्यावर विळी घेऊन गॅलरीत गेले. कापून, चिरून, कमोडात टाकून पाणी सोडणार होते. खाली बसले. खोड एका हातात धरलं. आणि वर तुऱ्याकडे नाक गेलं.

गोणपाट गेलं होतं. स्टोव्ह पण. संत्रं आणि मिरी एकमेकांत मुरलेली, आणि मधे नवीन काहीतरी. थंड. दगडफूल भाजताना सुरुवातीला येतो, एक क्षण, मग जातो, तसं. पण हे जात नव्हतं. दुकान सुटून अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं कोणी मला नवीन वास दिला नव्हता.

विळी परत जागेवर ठेवली.

म्हणजे आठ दिवस आता माझेही आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आणि पोलिसाचा फोन आला. उद्या अकरा वाजता येतो म्हणाला, कागद तयार ठेवा.

वरद कामावरून लवकर आला. तोंड उतरलेलं. कात्री घेऊन गॅलरीत उभा. कापतो म्हणाला. मीच म्हटलं, थांब. दोन दिवस अजून लागतील तिला. उद्याचं नाकाचं मी बघते.

"म्हणजे काय करणार?"

"मिरच्या भाजते. बेडगी आणि संकेश्वरी. खिडक्या लावून. त्या धुरात पोलिसाला स्वतःची बायको ओळखू येणार नाही, संत्रं काय ओळखतोय. डब्यावर माझं लुगडं वाळत टाकू."

त्याने कात्री खाली ठेवली. लगेच ठेवली. मला वाटलं होतं, जरा नको-नको म्हणेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

जसं झालं तसं सांगते.

सुचित्रा ऑफिसात. वरदने सुट्टी घेतलेली. साडेदहाला कढई ठेवली. खिडक्या लावल्या, गॅलरीचं दार लावलं. अकरापर्यंत घरात असा खाट उठला की देवीच्या तसबिरीलासुद्धा ठसका लागावा.

सव्वाअकराला तो आला. चाळिशीचा, पोट नसलेला. नाव कोंडीराम म्हणाला. हल्ली असं नाव कोणी ठेवत नाही, म्हणून लक्षात राहिलं. आत आला आणि दोन पावलांवर खोकायला लागला. मी पाणी दिलं. वरदने आधार, लाईट बिल, कंपनीचं पत्र पुढे केलं. कोंडीराम एका हाताने मोबाईलवर फोटो काढतोय, दुसऱ्या हाताने डोळे पुसतोय. इथपर्यंत माझ्या मनासारखं.

"आजी, हे मसाल्याचे दिवस आहेत का? आमची मंडळी मे महिन्यात करते. कडक ऊन लागतं मिरच्यांना."

"यंदा लवकर संपला."

मग म्हणाला, शेजारचं कोणी बोलवा, दोन प्रश्न विचारायचेत. वरदने गंगुबाईला आणलं. ती पदर नाकाला लावूनच आली.

"ह्या काय गो? घट बसलेत नि मसालो?"

"मुलगा कसा आहे, मावशी?" कोंडीरामने विचारलं.

"सोन्यासारखो. कधी वर तोंड करून बोललो नाय."

एवढं ऐकलं आणि कोंडीरामला उबळ आली. साधी नाही — वाकला, भिंत धरली. "जरा हवेला उभा राहतो," म्हणाला, आणि कोणी काही बोलायच्या आत गॅलरीचं दार उघडून बाहेर गेला.

मी नाकाचा विचार केला होता. माणसाला घसाही असतो, हे विसरले. तीस वर्षं त्या धुरात उभी राहिल्याने मला खोकला येत नाही. म्हणून तो दुसऱ्यालाही येत नाही असं धरून चालले. याला काय म्हणायचं ते म्हणा.

पाठोपाठ गंगुबाई गेली. तिला वाटलं पोलिसाला सोबत करावी. वाऱ्याने लुगडं एका बाजूला झालेलं. ती म्हणते, "बघा हो साहेब, एवढो झेंडू लावल्यान हा, फूल म्हणून काय येणा नाय. काय रोग हा काय?"

कोंडीरामने तुऱ्याला हात लावला. बोटं चिकटली. ती त्याने नाकाशी नेली. एकदा. परत एकदा.

"संत्रं," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि मिरी."

खोकल्यातसुद्धा मिरी ओळखली. नाक चांगलं होतं त्याचं, पोलिसात फुकट गेलं.

आत येऊन म्हणाला, "आजी, मी सांगलीकडचा. उसाच्या फडात लावलेलं हे मी या हातांनी उपटलंय. असा वास नव्हता त्याला, पण पान मी विसरत नाही. कोणाचं आहे हे?"

वरद माझ्यापासून दोन हातांवर. मी त्याच्याकडे बघितलं. तो लाईट बिलाकडे बघत होता.

कढईतल्या मिरच्या करपायला लागल्या. गॅस चालूच होता. तांबडी मिरची काळी पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्याच्यापाशी होता. मला तो माहीत आहे, तो थोडा नसतो. तेवढ्यात माणूस एक शब्द बोलू शकतो.

मग मी बोलले. "माझं."

"काय आहे माहितीये का?"

"झेंडू."

"बी कुठून आणलंत?"

"बाजारातून. पुडीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही."

कोंडीराम वरदकडे वळला. "तुम्हाला काही सांगायचंय?"

वरद म्हणाला, "आजीला झाडांची आवड आहे."

मी गॅस बंद केला.

कोंडीरामने फोटो काढले, झाड मुळासकट उपटलं, गंगुबाईने दिलेल्या पिशवीत घातलं. कागदावर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. वृद्ध. निरक्षर. अज्ञानातून लागवड. अज्ञानातून हा शब्द मला पटला नाही, पण अंगठा दिला. म्हणाला, "वर पाठवावं लागेल, आजी. वय बघून साहेब काय ते ठरवतील. मुलाचा कागद वेगळा, तो पुढे जाईल."

दारात वरदने त्याला वाकून नमस्कार केला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सुचित्राला काल संध्याकाळी कळलं. गंगुबाईकडून. रात्री बोलली नाही, आज बोलली. "आई, या वयात झाडं लावायला सांगितली होती कोणी? त्याचं टोरोंटो गेलं असतं! एका डब्यापायी!"

वरद जेवत होता. त्याने आमटी मागून घेतली.

मी वाढली. म्हटलं, "घे रे बाळा. भात पण घे."

२५ सप्टेंबर, गुरुवार

गंगुबाईला पश्चात्ताप झालाय, पण तो हसत-हसत. बिल्डिंगमध्ये मला गोसावीण म्हणतात, हे तिनेच येऊन सांगितलं. माझी मोठी मुलगी क्षितिजा हिचा कल्याणहून फोन आला, तीही ओरडली. ठीक आहे. मला काही वाटत नाही. वाटायचं वय गेलं.

वरद दुपारी जवळ येऊन बसला. "आजी, रागावलीस?"

"नाही रे बाळा. कशाला रागावू? तू तुझं काम कर. तब्येतीला जप."

तो उठून गेला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वरद सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन आला. स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं — झाड माझं, बी मी आणलं, आजीने मला वाचवलं. कोंडीरामने माझा अंगठ्याचा कागद फाडला नाही, त्याच्या कागदाच्या मागे टाचला. पासपोर्ट थांबवला. टोरोंटोचं आता काही खरं नाही.

सुचित्रा तशीच दारात खाली बसली. मला म्हणते, "तुम्ही काय सांगितलंत त्याला? खरं सांगा, आई. काय बोललात?"

काही बोलले नाही. दोन दिवस त्याला एकही टोमणा मारला नाही, एवढंच.